अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळ आणि ख्रिस्ती चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गुलामगिरी १८६५ च्या डिसेंबरात घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने कायद्याने संपली. त्याआधीची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे तिच्याविरुद्ध जे बोलले, लिहीत राहिले आणि प्रसंगी जिवानिशी गेले, त्यांच्यात पाळक, उपदेशक आणि धर्मनिष्ठ गृहस्थ-स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मात्र गुलामगिरीला धर्माचा आधार शोधून देणाऱ्यांतही पाळकच आघाडीवर होते. या विषयावर वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे शक्य तितक्या तपशिलाने दिली आहेत.

अमेरिकेतील चर्च गुलामगिरीच्या विरोधात होते की बाजूने?

अमेरिकेत सरकारमान्य असे एक चर्च नव्हते, अनेक पंथ होते, आणि एकाच पंथात मळेवाला, त्याचा गुलाम आणि गुलामगिरीला पाप म्हणणारा उपदेशक हे तिघेही सभासद असू शकत होते. त्यामुळे प्रश्न या स्वरूपात विचारला तर त्याचे नीट उत्तर देता येत नाही. गुलामगिरी वाईट आहे असे मोघम म्हणणारे ठराव बहुतेक पंथांनी कधी ना कधी केले. त्यांची फारशी किंमत कोणालाच मोजावी लागली नाही. खरी कसोटी लागली ती निराळ्या ठिकाणी : गुलाम बाळगणाऱ्याला सभासद म्हणून ठेवायचे का, त्याला प्रभुभोजनाला बसू द्यायचे का, त्याला बिशप किंवा मिशनरी नेमायचे का? हा प्रश्न जेथे जेथे कोणी लावून धरला, तेथे एकतर गुलामगिरी त्या मंडळीबाहेर गेली, नाहीतर मंडळीच दुभंगली. तिसरा मार्ग म्हणजे प्रश्न दाबून टाकणे. बहुसंख्य पंथांनी बराच काळ तोच पत्करला.

विरोधाची सुरुवात कोणी केली?

लेखी निषेधांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जाणारा निषेध पेन्सिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे १६८८ साली लिहिला गेला. त्यावर फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस यांच्यासह चौघांच्या सह्या आहेत. हे जर्मन आणि डच मुळाचे लोक क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला जात असत. स्वतःला जसे वागवलेले आवडेल तसे इतरांना वागवा, या ख्रिस्ताच्या आज्ञेपासून त्यांनी युक्तिवाद सुरू केला, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पेन्सिल्व्हेनियातले क्वेकर माणसांना गुराढोरांसारखे वागवतात, हे युरोपात कळल्यावर तिकडून येऊ पाहणाऱ्यांना काय वाटेल, असे त्यांनी विचारले. पुढचा प्रश्न त्याहून अडचणीचा होता : उद्या हे गुलाम उठले, तर तुम्हांला त्यांना गुलाम ठेवण्याचा जितका हक्क आहे तितकाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही का? क्वेकर शस्त्र न धरण्याचे व्रत पाळत असल्याने हा प्रश्न त्यांच्या वर्मी लागणारा होता. अर्ज मासिक सभेकडून त्रैमासिक सभेकडे आणि तेथून वार्षिक सभेकडे गेला; विषय फार गंभीर आहे असे म्हणत प्रत्येकीने तो वरच्या सभेकडे ढकलला आणि शेवटी तो बासनात गेला.

प्युरिटन बॉस्टनमध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी १७०० साली गुलामगिरीविरुद्ध एक पुस्तिका छापली. तिचाही तत्काळ परिणाम असा काही झाला नाही.

क्वेकरांनी गुलामगिरी सोडली तरी कशी?

याला जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि त्यात दोन अगदी भिन्न स्वभावांच्या माणसांचा वाटा आहे.

पहिला बेंजामिन ले. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, राहणे गुहेवजा घरात, अंगावर स्वतः विणलेले कपडे. गुलामांच्या श्रमातून आलेली वस्तू तो वापरत नसे. त्याचे गुलामगिरीविरोधी पुस्तक १७३७ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी छापले. १७३८ साली न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे भरलेल्या वार्षिक सभेत तो साध्या झग्याआड सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून आला. हातात एक पुस्तक होते. ते आतून कोरून त्यात लालभडक फळांच्या रसाने भरलेली पिशवी ठेवलेली होती. बोलता बोलता त्याने झगा टाकला आणि गुलाम बाळगणाऱ्यांचे रक्त देव असेच सांडील, असे म्हणत तलवार पुस्तकात खुपसली. रस आसपास बसलेल्यांच्या अंगावर उडाला. सभेने त्याला उचलून बाहेर काढले, आणि क्वेकरांनी त्याला आपला म्हणणे सोडून दिले.

दुसरा जॉन वूलमन. हा माउंट हॉलीचा शिंपी अत्यंत सौम्य होता. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी तो पाहुणा म्हणून जाई, त्यांच्याशी शांतपणे बोले आणि निघताना ज्या गुलामांनी आपली सेवा केली त्यांच्या कामाचे पैसे देऊन जाई. यजमानाला यापेक्षा अधिक अवघडल्यासारखे करणारे दुसरे काही नसावे. त्याचा पहिला निबंध १७५४ साली छापला गेला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरवले आणि घरोघर जाऊन समजूत घालण्यासाठी समिती नेमली; तिच्यात वूलमन होता. १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्वच नाकारण्यात आले. शाळाशिक्षक अँथनी बेनेझे यांनी याच शहरात कृष्णवर्णीय मुलांना शिकवले आणि त्यांच्या लिखाणाने इंग्लंडातील मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्यावरही प्रभाव टाकला.

वूलमनचे नाव आदराने घेतले जाते आणि ले याला विक्षिप्त म्हणून बाजूला सारले जाते, हे फारसे न्याय्य नाही. वूलमनचे मऊ बोल ऐकून घेतले गेले याचे एक कारण, त्याच्या आधी ले ओरडून गेला होता, हेही असावे.

मेथडिस्टांनी सुरुवातीला गुलामगिरीला विरोध केला होता, मग माघार का घेतली?

वेस्ली यांनी १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध कडक पुस्तिका लिहिली होती. त्यांच्या अमेरिकी अनुयायांनी १७८४ च्या नाताळात बाल्टिमोर येथे स्वतंत्र चर्च स्थापले, तेव्हा सभासदांनी ठरावीक मुदतीत गुलाम मुक्त करण्याची तजवीज करावी, असा नियमच केला. १७८५ च्या मे महिन्यात फ्रान्सिस ॲस्बरी आणि टॉमस कोक हे दोघे धर्मप्रमुख व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे करायच्या अर्जावर सही मागायला जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी गेले. वॉशिंग्टन यांनी सहानुभूती दाखवली, सही केली नाही. दक्षिणेकडील गुलामगिरीच्या राज्यांत उपदेशकांना होणारा विरोध पाहून तो नियम सहा महिन्यांच्या आतच स्थगित झाला.

माघारीचे कारण वाढीत होते. मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट उपदेशक दक्षिणेतील वस्त्यांवस्त्यांतून फिरत होते आणि मळेवाल्यांच्या परवानगीशिवाय त्यांना गुलामांपर्यंतही पोहोचता येत नव्हते. ‘आधी आत्मे वाचवू’ म्हणता म्हणता सभासद वाढले, सभासदांचे गुलामही वाढले. त्यात १७९३ नंतर सरकी काढणाऱ्या यंत्रामुळे कापसाची लागवड अफाट फोफावली. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती; १८६० साली ती साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

प्रेस्बिटेरियनांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांच्या महासभेने १८१८ साली गुलामगिरीला मानवी हक्कांचे घोर उल्लंघन म्हटले. आणि गुलाम बाळगणाऱ्यांना मंडळीत स्थान नको म्हणणाऱ्या जॉर्ज बोर्न या व्हर्जिनियातील पाळकाला पदावरून दूर केल्याचा निर्णय त्याच महासभेने कायम केला.

बायबलमध्ये तर गुलामगिरीचे उल्लेख आहेत. दोन्ही बाजू कशाच्या आधारे बोलत होत्या?

दक्षिणेच्या धर्मपंडितांचे म्हणणे सरळ होते : अब्राहामाकडे दास होते, मोशेच्या नियमशास्त्राने दास्याचे नियम घालून दिले, पौलाने दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितले आणि पळालेल्या अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवले, तेव्हा देवाने ज्याचा निषेध केला नाही त्याला पाप म्हणणारे तुम्ही कोण? साउथ कॅरोलायनातील बॅप्टिस्ट रिचर्ड फर्मन, व्हर्जिनियातील थॉर्नटन स्ट्रिंगफेलो आणि प्रेस्बिटेरियन जेम्स हेन्ली थॉर्नवेल हे या मांडणीचे ठळक प्रतिनिधी. नोहाचा मुलगा हाम याला दास्याचा शाप मिळाला, ही कथाही सर्रास वापरली जाई. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात शाप हामाला नव्हे तर त्याचा मुलगा कनान याला आहे आणि तेथे कातडीच्या रंगाचा उल्लेखच नाही, ही अडचण मात्र कोणी फारशी मनावर घेत नसे.

विरोधकांचा भर निर्गमाच्या २१ व्या अध्यायावर असे : माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगितलेला आहे, आणि आफ्रिकेतून आणलेला प्रत्येक गुलाम किंवा त्याचा पूर्वज हा चोरलेला माणूस होता. अनुवाद या बायबलमधील पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात धन्याकडून पळून आलेल्याला परत देऊ नका असे आहे. पळालेल्यांना पकडून देण्याचा कायदा १८५० साली झाल्यानंतर हे वचन व्यासपीठाव्यासपीठावरून ऐकू आले. प्रेषितांच्या कृत्यांतील, देवाने सर्व राष्ट्रे एकाच रक्ताची केली, हे वाक्यही तसेच. चळवळीचे प्रचारक थिओडोर ड्वाइट वेल्ड यांनी हिब्रू नियमशास्त्रातील दास्य आणि अमेरिकेतील मालकी हक्काची गुलामगिरी यांत काय फरक आहे, हे १८३७ साली सविस्तर दाखवले.

एकेका वचनाच्या वादात दक्षिणेची बाजू अनेकदा वरचढ ठरे, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच विरोधकांना शास्त्राच्या अक्षराऐवजी त्याच्या एकंदर आशयाकडे वळावे लागले, आणि याचा अमेरिकेतील बायबल-वाचनाच्या पद्धतीवर पुढे दीर्घकाळ परिणाम झाला.

कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मंडळ्यांची भूमिका काय होती?

या चळवळीचा इतिहास गोऱ्या पाळकांपासून सुरू करण्याची सवय आहे, परंतु ज्यांना पटवून देण्याची गरजच नव्हती अशा मंडळ्या याच होत. रिचर्ड ॲलन हे जन्माने गुलाम. त्यांनी स्वतःची किंमत भरून स्वातंत्र्य मिळवले आणि मेथडिस्ट उपदेशक झाले. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकलेल्या ॲब्सलम जोन्स यांना ही जागा तुमची नाही म्हणून ओढून उठवू लागले, तेव्हा ॲलन, जोन्स आणि त्यांचे सोबती तेथून कायमचे बाहेर पडले. १७९४ साली ॲलन यांनी बेथेल चर्च उघडले, जोन्स एपिस्कोपल पंथाकडे गेले आणि १८१६ साली अनेक गावच्या मंडळ्या मिळून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. ॲलन त्याचे पहिले बिशप.

बेथेल ही नुसती प्रार्थनेची जागा नव्हती. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून देण्याची योजना पुढे आली, तेव्हा १८१७ च्या जानेवारीत याच इमारतीत सुमारे ३००० लोक जमले आणि त्यांनी ती एकमुखाने फेटाळली. योजना काढणाऱ्या वसाहत संस्थेच्या संस्थापकांत आणि आश्रयदात्यांत अनेक प्रतिष्ठित पाळक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. कृष्णवर्णीयांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन १८३० साली भरले तेही बेथेलमध्येच.

दक्षिणेत अशा मंडळ्यांना जगणे कठीण होते. चार्ल्स्टनमध्ये १८२२ साली डेन्मार्क व्हेसी यांचा उठावाचा कट उघडकीस आल्यावर तेथील आफ्रिकन चर्चची इमारत पाडून टाकण्यात आली. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या उपदेशक गुलामाने उठाव केला, त्यानंतर तेथील कायद्याने कृष्णवर्णीयांच्या उपदेश करण्यावरच बंदी घातली. गुलाम मग रात्री रानात, आवाज दाबून प्रार्थना करीत, आणि इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलांची गोष्ट तेथे वेगळ्या अर्थाने सांगितली जाई.

उत्तरेत मात्र पळून आलेले गुलामच पाळक झाले. मेरीलँडमधून निसटलेले लोहार जेम्स पेनिंग्टन प्रेस्बिटेरियन पाळक झाले, १८३८ साली, गुलामगिरीतून पळालेले आणि पुढे चळवळीचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे लग्न त्यांनीच लावले, आणि १८४९ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

१८३० नंतर चळवळीला एकदम धार कशामुळे आली?

त्या काळात उत्तरेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली होती. चार्ल्स फिनी हे तिचे प्रमुख उपदेशक. माणूस पाप सोडू शकतो आणि ते त्याने आजच, याच बैठकीत सोडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. गुलामगिरी हे पाप आहे असे एकदा मानले, की ती ‘हळूहळू’ सोडण्याची भाषाच हास्यास्पद ठरते. चोराला चोरी टप्प्याटप्प्याने कमी कर असे कोणी सांगत नाही. तत्काळ मुक्तीच्या मागणीमागचे धर्मशास्त्र हे असे आहे. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी पत्र १ जानेवारी १८३१ रोजी निघाले, आणि १८३३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली. आर्थर आणि लुइस टॅपन या न्यूयॉर्कच्या व्यापारी बंधूंनी तिला पैसा पुरवला.

१८३४ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, वेल्ड यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी अठरा रात्री या विषयावर चर्चा केली. बोलणाऱ्यांत दक्षिणेतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरांतले तरुण होते आणि एक पूर्वीचा गुलामही होता. चर्चेअखेर जवळजवळ सर्वांनी तत्काळ मुक्तीचा पक्ष घेतला आणि ते शहरातील कृष्णवर्णीय वस्तीत शाळा चालवू लागले. विश्वस्तांनी घाबरून अशा चर्चांवर बंदी घातली, तेव्हा बहुतेक विद्यार्थी विद्यालय सोडून गेले. त्यांतले बरेच १८३५ साली ओबर्लिनला दाखल झाले. वर्ण न पाहता प्रवेश मिळाला पाहिजे, या अटीवरच ते आणि त्यांच्या मागे टॅपन यांचे पैसे तेथे गेले. फिनीही तेथे प्राध्यापक झाले.

उत्तरेत तरी त्यांना मोकळेपणाने बोलता येत होते का?

नाही. १८३४ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये झालेल्या दंगलीत जमावाने लुइस टॅपन यांचे घर लुटले. सर्वांत गाजलेली घटना इलाया लव्हजॉय यांची. हे प्रेस्बिटेरियन पाळक सेंट लुइसमध्ये वृत्तपत्र चालवीत. तेथे एका कृष्णवर्णीयाला जमावाने जिवंत जाळले, त्यावर त्यांनी लिहिले आणि छापखान्यावर हल्ले होऊ लागले, म्हणून ते नदीपलीकडे इलिनॉयमधील ऑल्टन येथे गेले. तेथेही त्यांची यंत्रे फोडून मिसिसिपीत टाकण्यात आली. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री नवे यंत्र ठेवलेल्या गोदामाला जमावाने वेढा घातला. छपराला आग लावायला लावलेली शिडी ढकलून देण्यासाठी लव्हजॉय बाहेर आले आणि गोळ्या लागून पडले. ते पस्तीस वर्षांचेही नव्हते. आपल्याच धर्माचा गोरा पाळक मारला गेल्यावर तोवर तटस्थ राहिलेले अनेक जण हलले. त्याआधी मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी हे झाले नव्हते, ही गोष्ट चळवळीतल्या काहींनाही बोचली होती.

स्त्रियांनी यात भाग घेतल्यावर चर्चची प्रतिक्रिया कशी होती?

चार्ल्स्टनच्या गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेल्या अँजेलिना आणि सारा ग्रिम्के या बहिणी उत्तरेत येऊन क्वेकर झाल्या. अँजेलिना यांनी १८३६ साली दक्षिणेतील ख्रिस्ती भगिनींना उद्देशून आवाहन लिहिले. पुढच्या वर्षी त्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभांत बोलू लागल्या, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल पाळकांच्या संघटनेने परिपत्रक काढून स्त्रियांच्या अशा जाहीर भाषणांचा निषेध केला. सारा यांनी त्याला स्त्री-समतेवरील पत्रांतून उत्तर दिले. १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद ज्या वेस्लियन चॅपलमध्ये भरली, ते गुलामगिरीच्या प्रश्नावर मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या मेथडिस्टांचे होते.

गॅरिसन आणि डग्लस चर्चवर इतके का चिडले होते?

डग्लस यांचा राग पाहण्याआधी त्यांचा अनुभव पाहावा. त्यांचा मालक टॉमस ऑल्ड १८३२ च्या ऑगस्टमध्ये मेथडिस्टांच्या एका मैदानी सभेत ‘पालटला’, म्हणजे धर्मनिष्ठ झाला. आता हा गुलामांना सोडील, निदान सौम्य तरी होईल, अशी डग्लस यांना आशा होती. घडले उलटेच. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली, आणि एका अपंग तरुणीला बांधून फटके मारताना तो शास्त्रातले वचन म्हणे : धन्याची इच्छा ठाऊक असून जो तसे करत नाही, त्याला पुष्कळ फटके मिळतील. डग्लस काही गुलामांना नवा करार वाचायला शिकवू लागले, तर मंडळीतले पुढारी काठ्या घेऊन आले आणि त्यांनी तो वर्ग उधळला. १८४५ च्या आत्मचरित्राच्या शेवटी, आपला विरोध गुलाम बाळगणाऱ्या देशातील धर्माला आहे, ख्रिस्ताच्या धर्माला नाही, असे डग्लस यांनी मुद्दाम स्पष्ट केले. ते स्वतः न्यू बेडफर्डच्या कृष्णवर्णीय मेथडिस्ट मंडळीत उपदेश करीत असत.

केंटकीचे जेम्स बर्नी यांनी अमेरिकेतील चर्चे हाच गुलामगिरीचा तट आहे, अशी पुस्तिका १८४० साली लिहिली. हे बर्नी धर्मनिष्ठ प्रेस्बिटेरियन होते. भ्रष्ट मंडळीतून बाहेर पडा, असा प्रचार गॅरिसनचे सहकारी करीत. उलट टॅपन यांच्यासारख्यांना चर्चमध्ये राहून ते बदलायचे होते. १८४० साली अँटी-स्लेव्हरी सोसायटी फुटली, त्यामागे स्त्रियांना पदे देण्याचा आणि राजकारणात उतरण्याचा वाद होता, तसा हाही होता.

मोठे पंथ नेमके कशावरून फुटले?

मेथडिस्टांचे प्रकरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ऑरेंज स्कॉट यांच्यासारखे कडवे विरोधक १८४३ साली बाहेर पडले आणि त्यांनी वेस्लियन मेथडिस्ट पंथ काढला. आणखी लोक जातील या धास्तीने उत्तरेतील मवाळांना काहीतरी करणे भागच होते. १८४४ ची परिषद न्यूयॉर्कला भरली तेव्हा जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे गुलाम असल्याचे पुढे आले. त्यांना एका बाईंच्या मृत्युपत्राने किटी नावाची मुलगी मिळाली होती. ती मोठी झाली की तिच्या संमतीने तिला आफ्रिकेतील लायबेरियात पाठवावे अशी अट होती. तिने जायला नकार दिला, आणि जॉर्जियाचा कायदा तिला तेथे राहून मुक्त होऊ देत नव्हता. शिवाय त्यांच्या दुसऱ्या पत्नीच्या मालकीचे गुलाम होतेच. बिशप स्वभावाने क्रूर नव्हते, पदत्याग करायलाही ते तयार होते. दक्षिणेच्या प्रतिनिधींनीच त्यांना तो करू दिला नाही, कारण आता प्रश्न तत्त्वाचा झाला होता. ही अडचण दूर होईपर्यंत त्यांनी बिशपचे काम करू नये, असा ठराव ११० विरुद्ध ६८ मतांनी झाला. पुढच्याच वर्षी लुइव्हिल येथे दक्षिणेचे वेगळे मेथडिस्ट चर्च उभे राहिले.

बॅप्टिस्टांत गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचे की नाही यावर वाद झाला, आणि १८४५ च्या मे महिन्यात जॉर्जियातील ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना झाली. प्रेस्बिटेरियन १८३७ सालीच मुख्यतः सिद्धान्तांच्या वादात दोन गटांत विभागले होते. त्यांतील एक गट १८५७ साली आणि दुसरा यादवी युद्ध सुरू झाल्यावर १८६१ साली उत्तर-दक्षिण असा तुटला. देश दुभंगण्याआधी पंधरा-सोळा वर्षे देशातील दोन सर्वांत मोठे प्रॉटेस्टंट पंथ दुभंगले होते, हे त्या काळच्या राजकारण्यांच्याही नजरेतून सुटले नाही.

रोमन कॅथलिक आणि एपिस्कोपल चर्चची भूमिका कोणती होती?

पोप सोळावे ग्रेगरी यांनी ३ डिसेंबर १८३९ रोजी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी मात्र ते फक्त व्यापाराबद्दल आहे, देशातील गुलामगिरीबद्दल नाही, असा अर्थ लावला. त्याच्या आदल्याच वर्षी मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानात विकले होते, आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडायला गेला होता. सिनसिनाटीचे आर्चबिशप जॉन पर्सेल यांनी युद्धकाळात मुक्तीची बाजू घेतली, पण ते अपवाद. एपिस्कोपल चर्चने एकी टिकवली ती या विषयावर गप्प बसून. त्याचे लुइझियानाचे बिशप लिओनिडास पोक युद्धात दक्षिणेचे जनरल झाले.

पळून आलेल्या गुलामांना मदत करण्यात चर्चचा हात किती होता?

पुष्कळ, पण पंथांपेक्षा व्यक्तींचा अधिक. ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावात प्रेस्बिटेरियन पाळक जॉन रँकिन यांचे घर टेकडीवर होते. पलीकडच्या केंटकीतून त्याच्या खिडकीतला दिवा दिसे, आणि त्यांची मुले रात्री आलेल्यांना घोड्यावरून पुढच्या मुक्कामी पोहोचवीत. इंडियानातील क्वेकर लीव्हाय कॉफिन यांचेही नाव मोठे आहे. तथापि १८४० च्या दशकात इंडियानाच्या क्वेकर वार्षिक सभेने याच कॉफिनसारख्यांना चळवळीतल्या सहभागावरून दूर सारले आणि त्यांना वेगळी सभा काढावी लागली. क्वेकर म्हणजे सरसकट मुक्तिदाते, ही समजूत म्हणून जरा आवरती घ्यावी. बहुतेक ठिकाणी पळालेल्याला पहिला आसरा मिळे तो मुक्त कृष्णवर्णीयांच्या घरी आणि मंडळ्यांत.

सभासदत्वाचा प्रश्न उलट्या बाजूने कसा येई, हे अँथनी बर्न्स यांच्या बाबतीत दिसते. व्हर्जिनियातून पळालेल्या या बॅप्टिस्ट उपदेशकाला १८५४ साली बॉस्टनमध्ये पकडून सैन्याच्या पहाऱ्यात परत नेण्यात आले. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्यांना विकत घेतले आणि मुक्त केले. आपल्या जुन्या मंडळीकडे त्यांनी सभासदत्वाचा दाखला मागितला; धन्याची आज्ञा मोडून पळाल्याबद्दल तुम्हांला मंडळीतून काढले आहे, असे उत्तर आले. बर्न्स यांनी लिहून कळवले की आपण जन्मताच चोरले गेलो होतो आणि चोरलेल्याने निसटण्यात पाप नाही. त्यांनी ओबर्लिनमध्ये शिक्षण घेतले आणि कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथे ते पाळक झाले.

पाळकांनी शस्त्रांनाही पाठिंबा दिला का?

१८५० च्या कायद्याने पळालेल्यांना पकडून देणे उत्तरेतील नागरिकांवरही बंधनकारक झाल्यावर अनेकांचा शांततावाद ढासळला. १८५४ साली कॅन्ससमध्ये गुलामगिरीला वाट करून देणाऱ्या कायद्याविरुद्ध न्यू इंग्लंडच्या ३०५० पाळकांनी अमेरिकी काँग्रेसला अर्ज केला. त्यानंतर हेन्री वॉर्ड बीचर यांच्या ब्रुकलिनमधील मंडळीने कॅन्ससला जाणाऱ्या गुलामगिरीविरोधकांसाठी रायफलींचे पैसे जमवले, म्हणून त्या रायफलींना ‘बीचरची बायबले’ म्हणत. युनिटेरियन पाळक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी बर्न्स यांना सोडवण्यासाठी बॉस्टनच्या न्यायालयावर चाल केली, आणि पुढे ते पूर्वीच्या गुलामांच्या पलटणीचे कर्नल झाले.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली काम सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे होते. हेच बोर्ड चॉक्टॉ आणि चेरोकी या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींमधील आपल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद करून घेत असे. १८४५ साली ब्रुकलिनच्या वार्षिक सभेत यावर जोरदार वाद झाला आणि बोर्डाने केवळ गुलाम बाळगणे हे सभासदत्व नाकारण्याचे कारण मानले नाही. निषेध म्हणून टॅपन आणि इतरांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. युद्धानंतर मुक्त झालेल्यांसाठी फिस्क आणि हॅम्प्टनसारख्या शिक्षणसंस्था तिने उभ्या केल्या.

याच बोर्डाच्या सिंथिया फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली.

फुटलेले पंथ पुन्हा एक झाले का?

मेथडिस्ट १८४५ च्या फुटीनंतर १९३९ साली एकत्र आले, पण त्या एकीकरणात कृष्णवर्णीय मंडळ्यांचा वर्णावर आधारलेला वेगळा विभाग करण्यात आला आणि तो १९६८ पर्यंत राहिला. प्रेस्बिटेरियनांच्या मुख्य उत्तर आणि दक्षिण शाखा १९८३ साली एक झाल्या. बॅप्टिस्टांचे तसे झाले नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन आज अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ आहे, आणि स्थापनेला दीडशे वर्षे झाली त्या १९९५ साली त्याने गुलामगिरीला पाठिंबा दिल्याबद्दल ठराव करून माफी मागितली.